तिकीट काढून केलेली पेरूतोड

कुरुंदवाड, मंगळवार

श्री. राजवर्धनराव यांना दाजींचा नमस्कार आणि आशीर्वाद. (नमस्कार तुम्ही बायकोचे भाऊ म्हणून, आशीर्वाद तुम्ही वयानं धाकटे म्हणून. दोन्हींत जे कमी वाटेल ते पुढच्या भेटीत भरून घ्या.)

तुमची मान कशी आहे? कॉम्प्युटरपुढं बसून ती आखडली आणि डॉक्टरांनी गळ्याला पट्टा घातला, एवढं वर्षाराणीकडून समजलं. सौ. क्रांती यांची तब्येत बरी असेल, मुलंही मजेत असतील. तुमच्या ऑफिसात म्हणे काम तुंबलंय, माणसं कमी पडतात, तारीख उलटली तरी माल बाहेर पडेना. ऐकून वाईट वाटलं. (तुमचा माल म्हणजे नक्की काय, हे तुम्ही आमच्या आईला दर दिवाळीला समजावून सांगता, पण तिला अजून वाटतं की तुम्ही काहीतरी पेरता.) इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त ऊस उभा आहे. तुम्ही म्हणाल, ऊस उभाच असतो. पावणं, जानेवारी निम्मा सरला तरी उभ्या असलेल्या उसाकडं बघवत नाही. ऑगस्टात पुराच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडाला, तरी तगला. आता त्याला तुरे आलेत, आतनं पोकळ पडायला लागलाय, रोज वजन घटतंय. आजूबाजूचा सगळा तुटून गेला. मधोमध आमचा एकटा, डोक्याला तुरा लावून, वरात विसरून गेलेल्या नवरदेवासारखा. आणखी पंधरवडाभर असाच राहिला तर कारखान्याला घालायचा की चुलीला, हा प्रश्न पडेल.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन केला की तुम्ही कुजबुजत ‘दाजी, मीटिंगमध्ये आहे’ म्हणता आणि नंतर अंगठ्याचं चित्र पाठवता. शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला उत्तर म्हणून अंगठा आला की काय वाटतं, ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून पत्र.

तर विषय असा, की तुम्ही मोठ्या प्रेमानं पाठवलेली फळबागेची तिकिटं मिळाली, वापरली, आणि त्यामुळं जे झालं त्याबद्दल तुमचे आभार मानायचे की तुमच्यावर फिर्याद करायची, हे माझं अजून ठरत नाही. पन्हाळ्याच्या वाटेवरची ती ‘गोडी फॅमिली फ्रूट फार्म’. तुमच्या फोनमधल्या जाहिरातीत म्हटलं होतं की बाग ‘फॅमिली-फ्रेंडली’ आहे. म्हणजे बाकीच्या बागा कुटुंबाच्या वैरी असाव्यात. खाली लिहिलं होतं, ‘स्वतः तोडा, ताजं खा, मातीशी नातं जोडा.’ राजवर्धनराव, आमचं मातीशी नातं इतकं जुळलेलं आहे की शाळेत जाताना मी चपलेची माती फाटकाबाहेर झाडतो. आमच्या आईनं आयुष्यभर भांगललं, तोडलं, काढलं, मळलं. तिला तुम्ही दुसऱ्याच्या रानात जाऊन फळं तोडायचं तिकीट पाठवलंत. हे म्हणजे पोस्टमनला सुट्टीच्या दिवशी पैसे भरून गल्लोगल्ली पत्रं टाकायला पाठवण्यासारखं झालं. मी हे घरात बोललो. त्यावर तुमच्या बहिणीनं जे तोंड फिरवलं ते शनिवार संध्याकाळपर्यंत फिरवलेलंच होतं. ‘माझ्या भावानं एवढ्या मायेनं पाठवलंय’ हे वाक्य एकदा म्हटलं की आमच्या घरात पुढची चर्चा होत नाही. रविवारी निघालो. मी, वर्षाराणी, तुमची कॉलेजातली भाची राजनंदिनी (फोटोसाठी) आणि आई.

आईनं निघताना काय केलं ते ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच उपजलं. कुणाच्या रानात रिकाम्या हातानं जायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. तिनं पिशवीभर कृष्णाकाठची वांगी घेतली, गुळाची एक ढेप घेतली, आणि आपल्याला म्हणून भाकरी, झुणका, खर्डा बांधून घेतला. फाटकावर गळ्यात शिट्टी अडकवलेल्या माणसानं पिशवी उघडली, आत नाक घातलं आणि म्हणाला, ‘बाहेरचं खाद्य आत न्यायला परवानगी नाही.’ आई म्हणाली, ‘बाहेरचं न्हाय, घरचं हाय.’ तो म्हणाला, नियम आहे. वांगी मालकाला द्यायची आहेत, असं तिनं तीन तऱ्हांनी सांगून बघितलं. त्यानं पिशवीला नंबर बांधून ती फळीवर ठेवली, जाताना घेऊन जा म्हणाला. उभ्या जन्मात कुणी तिची वांगी परत केली नव्हती. मग आमच्या सगळ्यांच्या मनगटाला कागदी पट्टे चिकटवले. आईनं हात वर करून पट्टा निरखला आणि मला विचारलं, ‘मला कुठं ॲडमिट करताय रं?’

आत गालाला मायक्रोफोन चिकटवलेला सार्थक नावाचा तरुण मॅनेजर उभा होता. ‘नमस्कार फॅमिली!’ असा तो ओरडला. आम्ही आमच्या मागं कुणी आहे का बघितलं. त्यानं आम्हा सगळ्यांना गवती टोप्या दिल्या आणि बाहुलीच्या लग्नात रुखवतावर मांडतात तेवढ्या टोपल्या दिल्या. मग पेरू कसा तोडायचा याचं प्रात्यक्षिक झालं. हळूच धरायचा, किंचित फिरवायचा, आणि हातात आला की झाडाला ‘थँक यू’ म्हणायचं. समोर इचलकरंजीची, सांगलीची, बेळगावची चांगली खातीपिती मंडळी एका सुरात झाडाला थँक यू म्हणत होती. आई मोठ्यांदा म्हणाली, ‘झाडाला थँक्यू. आनि त्याला पानी कोन पाजलं रातचं उठून?’ वर्षाराणीनं मला कोपर मारलं. आई बोलली की कोपर मला बसतं, ही आमच्या घरची जुनी व्यवस्था आहे.

पेरूंचं म्हणाल तर प्रत्येक पेरूला पांढऱ्या जाळीचा स्वेटर आणि वरून प्लास्टिकची पिशवी. माझ्या वर्गातली निम्मी पोरं थंडीत शर्टावर येतात आणि इथं झाडाला लोंबकळणारा पेरू स्वेटर घालून, रेनकोट चढवून बसलाय. माशी बसू नये म्हणून हे करतात, मला ठाऊक आहे. तरीही राग आला. राग यायचं ठरवून गेलेल्या माणसाला कारणांची टंचाई पडत नाही, आणि त्या बागेनं तर मला सढळ हातानं पुरवठा केला.

पण खरा राग पुढंच आहे. तिसऱ्या की चौथ्या झाडाखाली, गवती टोपी घालून, मनगटाला कागदी पट्टा बांधून, बायकोपोरांसकट कोण पेरू तोडत असावं? भाऊसो! तुम्हाला भाऊसो माहीत नाही, म्हणून सांगतो. हा आमच्या कारखान्याचा चिटबॉय. म्हणजे कुणाच्या उसाला कधी तोड मिळणार, ऊसतोडीची टोळी कुणाच्या बांधावर उतरणार, त्याची चिठ्ठी देणारा माणूस. पन्नाशीला टेकला तरी हुद्द्यानं बॉयच. हंगामात त्याच्यापुढं माजी सरपंचसुद्धा टोपी काढून उभे असतात. दिवाळीपासून मी त्याला शोधतोय. घरी गेलो तर तो रानात, रानात गेलो तर कारखान्यात, कारखान्यात गेलो तर नुकताच घरी गेलेला. फोन केला की बाई सांगते, ही व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. ते क्षेत्र कुठलं, ते मला त्या रविवारी कळलं.

‘भाऊसो!’ मी ओरडलो. तो दचकला आणि त्याच्या तोंडातून झाडाला म्हणायचं ‘थँक यू’ मला म्हटलं गेलं.

‘आमची टोळी कुठाय?’

‘सर, तुमी हितं? झ्याक झालं की ओ. टोळी व्हय? टोळीच न्हाय बघा. गाडी हाय, कारखाना चालू हाय, सगळं हाय. तोडाय मानसंच मिळंनात. काय करायचं सांगा तुमीच.’

हे तो कुठं उभा राहून बोलत होता ते लक्षात घ्या. त्याच्या मागं, पुढं, उजवीकडं, डावीकडं जत्रा भरल्यासारखी माणसं होती, आणि प्रत्येक माणूस खिशातले पैसे मोजून, मनगटाला पट्टा बांधून घेऊन, दुसऱ्याच्या रानातलं पीक तोडत होता. आनंदानं! ज्याला उसाची तोड देणं होईना तो स्वतः तिकीट काढून तोडायला आलेला, आणि मला सांगतोय माणसं मिळंनात. माझ्या हातात ती बाहुलीची टोपली होती. जड काही नव्हतं, हे भाऊसोचं नशीब.

मी आणखी काही बोलणार एवढ्यात आईकडं लक्ष गेलं. ती एका झाडापुढं कमरेवर हात ठेवून उभी होती. लोकांनी त्या झाडाचे कच्चे पेरू नेले होते आणि पिकलेले ठेवले होते, कुणी अर्धा खाऊन बुडख्यात टाकला होता, एक फांदी मोडून लोंबत होती. तुम्हाला ऑफिसात कुणी चुकीचं केलेलं काम बघून जसं होत असेल तसं तिला झालं. ‘असं कुठं तोडत्यात व्हय?’ म्हणाली, पदर खोचला, टोपली भिरकावली, पंपाच्या खोलीजवळचे रिकामे क्रेट ओढले आणि ओळीच्या एका टोकाला उभी राहिली. राजवर्धनराव, तिनं पात धरली.

पात म्हणजे काय, हे पुण्याला विसरला असाल तर आठवण करून देतो. भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, बायका एका रेघेत बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पात. एकदा पात धरली की बांध लागेपर्यंत पाठ सरळ करायची नाही, आणि जिची पात मागं राहील तिला घरी जाईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. आईला दुसऱ्याच्या रानात जायच्या दोनच तऱ्हा ठाऊक आहेत. एकतर पैरा असतो, म्हणजे आज आमच्या घरानं तुमच्या रानात राबायचं, उद्या तुमच्यानं आमच्या. नाहीतर पाहुणचार असतो. पाहुणचाराची वांगी फाटकावर अडवली, तेव्हा उरला पैरा. हिशोब तिच्या डोक्यात इतका साफ होता.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण तुमची बहीणच त्यात आहे म्हणून लिहितो. जी वर्षाराणी वाटेत मला सांगत होती की मी आज काडी उचलणार नाही, नुसती सावलीत बसणार, तिनं शेजारची पात धरली. राजनंदिनीनं फोन खिशात टाकला. (हे पहिल्यांदाच झालं, याचा फोटो काढायला कुणी उरलं नाही.) आणि मी? मी तिथं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रागानं फुगून उभा होतो. मग आई म्हणाली, ‘मास्तर, हातात मेंदी लावलीया व्हय?’ मीही वाकलो.

लोकांना वाटलं हा बागेचाच कार्यक्रम आहे. सांगलीच्या एक गॉगलवाल्या बाई येऊन म्हणाल्या, ‘मावशी, आम्हाला पण शिकवा ना!’ आईनं त्यांना पात दिली. मग त्यांच्या नवऱ्याला दिली. मग इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले, त्यांचे तीन भाऊ, बेळगावचं एक अख्खं कुटुंब. बघता बघता सगळी बाग ओळीत लागली. भाऊसो टोपी खाली ओढून सटकत होता, त्याला तिनं हाक मारून आपल्या शेजारी उभा केला आणि तोंड सुरू ठेवलं: ‘काय रं चिटबॉय, पात मागं का तुझी? कागुद फाडाय हात चालतोय, पेरू तोडाय चालत न्हाय व्हय? आनि गॉगलबाई, पिकल्यालं ठेवून हिरवं घेताय, घरी नवरा बी असाच निवडला व्हता का?’ गॉगलबाई हसून हसून खाली बसल्या, आणि ‘पात सोडायची न्हाय’ म्हटल्यावर पुन्हा उठल्या. त्यांचा नवरा तेवढा हसत नव्हता, पण त्याची पात सगळ्यांच्या पुढं होती.

सार्थक धावत आला तेव्हा क्रेटची चळत त्याच्या डोक्याच्या वर गेली होती आणि मागं झाडं नुसती पानं लेवून उभी होती. ती ओळच काय, पुढच्या रविवारच्या बुकिंगसाठी राखून ठेवलेला पलीकडचा सगळा तुकडा साफ झाला होता. मायक्रोफोन चालू असल्याचं विसरून तो ओरडला, ‘आज्जी, हे अलाउड नाही! माणशी एक टोपली! पुढच्या आठवड्याचे लोक काय तोडणार?’ बागभर ते घुमलं. आई कपाळाचा घाम पुसत म्हणाली, ‘मालकाला बोलीव. त्येच्या रानात एवढी मानसं राबली, च्या तरी ठेवील का न्हाय?’

मालक आला. क्रेट बघून आधी त्याचा चेहरा पडला. मग सगळी मंडळी टाळ्या वाजवायला लागली, गॉगलबाई म्हणाल्या की इतकी मजा त्यांना कुठल्याही रिसॉर्टात आली नव्हती, तेव्हा तो चेहरा पुन्हा वर आला. त्यानं चहा ठेवायला सांगितलं (नशीब!) आणि आईला विचारलं, दर रविवारी याल का? तो म्हणे बोर्ड लावणार होता: ‘आज्जीसोबत पात.’ आई म्हणाली, ‘येतो की. पन आता आमचा पैरा तुमच्यावर हाय. पैलं तुमी आमच्यात या. ऊस उभा हाय.’ मालक खदखदून हसला. त्याला तो विनोद वाटला. आमची आई विनोद करत नाही, ती फक्त बोलते.

एवढं राबून बाहेर पडताना फाटकावर आमच्या टोपल्यांचं वजन झालं आणि पेरूंचे वेगळे पैसे घेतले. मी तोडला, मीच उचलला, मीच विकत घेतला! आमच्या उसाच्या बाबतीत मी हे बोललो तर कारखान्यात मला वेड्यात काढतील. शिट्टीवाल्यानं वांग्यांची पिशवी परत केली, ती आईनं घेतली नाही. एकदा दिलेलं ती परत घेत नाही. तिनं ती सार्थकच्या हातात दिली, ‘तुझ्या आईला दे, भरून कर म्हनावं.’ त्यानं गालावरचा मायक्रोफोन काढला. पिशवीत डोकावून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, ‘आज्जी, आमचाबी ऊस उभाच हाय.’ सकाळपासूनचं ते ‘नमस्कार फॅमिली’ एका वाक्यात कुठल्या कुठं गेलं. मला त्याच्यावर चिडायचं होतं, तेवढीही सोय त्यानं ठेवली नाही.

भाऊसोनं मात्र गाडीत बसता बसता आईचे पाय धरले आणि सगळ्यांसमोर शब्द दिला, ‘सोमवारी सकाळी टोळी तुमच्या बांधावर. न्हाय आली तर नाव बदलीन.’

तर असा तुमच्या तिकिटांचा रविवार. माझी कंबर धरली आहे, मान तुमच्यासारखीच आखडली आहे, घरात पेरूंचा वास सुटला आहे आणि एकही पेरू खायची वासना उरलेली नाही. स्वच्छ सांगतो, पुन्हा असलं काही पाठवू नका. माणसानं स्वतःच्या घामाचं तिकीट काढावं, हा धंदा ज्यानं शोधला त्याचा मी जाहीर निषेध करतो. पैसे देऊन राबायला येणारी माणसं मला या जन्मात पुन्हा दिसू नयेत.

सौ. क्रांती यांना नमस्कार, मुलांना पापे.

तुमचे, कमरेत वाकलेले,
अमरसिंह दाजी

ता. क. सोमवार आला आणि गेला. टोळी नाही. भाऊसो कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. नाव बदललं असेल तर तेही कळायला मार्ग नाही. दरम्यान माझ्या असं ध्यानात आलं, की तुमचं ऑफिस दरवर्षी सगळ्या माणसांना बसमध्ये घालून कुठंतरी नेतं आणि तिथं ती दोरी ओढतात, पोत्यात पाय घालून उड्या मारतात. या खेपेला इकडंच आणा. फाटकावर बोर्ड राजनंदिनीनं रंगवून ठेवला आहे: ‘फॅमिली ऊस फार्म. स्वतः तोडा, मातीशी नातं जोडा.’ गवती टोप्या आणतो, मनगटाला पट्टे बांधतो, कोयते हलके बघून ठेवले आहेत. उसाला ‘थँक यू’ म्हटलेलं चालेल, माझी काही हरकत नाही. मोळी बांधायला मी स्वतः शिकवीन. फक्त लवकर या, तुरा थांबत नाही. गाडी कारखान्याची आहेच. माणसं तेवढी नव्हती.

ता. क. दुसरं. तिकीट किती ठेवावं, हे तुम्हाला विचारणार होतो, तेवढ्यात आईनं पत्र वाचून दाखवायला लावलं. तिकिटाचं ऐकल्यावर तिनं ताट सरकवलं. ‘पावण्याकडनं पैसे घेनार व्हय रं? मग मी हितं ऱ्हात न्हाय.’ तेव्हा तिकीट रद्द. उलट सगळ्यांना मटण, तांबडा-पांढरा आणि निघताना माणशी एक वाढ्याची पेंडी. (वाढं, म्हणजे उसाचा शेंडा, जनावरांसाठी असतं आणि पुण्यात जनावरं नाहीत, असं मी सांगून बघितलं. रिकाम्या हातानं धाडायचं नाही म्हणाली.) किती माणसं शाकाहारी, ते आधी कळवा.

ता. क. शेवटचं. हा पैरा आहे, म्हणजे तो आम्ही फेडणार. तुमच्या ऑफिसात काम तुंबलंय, माणसं मिळेनात, माल उभा आहे, हे आईच्या मनाला फार लागलं आहे. ऊस गेला की आम्ही चौघं पुण्याला येतो आणि पात धरतो. आईनं पहिली पात स्वतःकडं ठेवली आहे. खुरपं घरनं आणायचं की तिथं मिळतं, तेवढं कळवा.